चौथा रकाना

नणंद-भावजयीचं एकमत झालं तर ती गोष्ट खरीच असली पाहिजे, या एका म्हणण्यावर मास्तरांनी पाणबुड्यांचं अख्खं कोष्टक उभं केलं होतं. मास्तर स्वतः बिनलग्नाचे, त्यामुळे घरातल्या बायकांबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि त्याच कोष्टकाच्या तेविसाव्या ओळीच्या भरवशावर त्या शनिवारी सकाळी एक माणूस समुद्रात उतरणार होता. तो नणंदेचा भाऊ आणि भावजयीचा नवरा होता.

आज ज्याला आपण संगणक म्हणतो ते यंत्र तेव्हा जन्मायचं होतं. आकडेमोड करायची ती माणसं, आणि माणसं म्हणजे बहुतेक बायका. लांबलचक खोलीत टेबलांच्या दोन रांगा, प्रत्येक टेबलावर एक लोखंडी गणितयंत्र, त्याला उजव्या अंगाला दांडा. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. गणित कशाचं, कशासाठी, हे विचारायचं नाही. मास्तर एका कागदावर कृती लिहून देत: पहिल्या रकान्यातला आकडा घे, निळ्या कार्डावरच्या आकड्याने गुण, दुसऱ्या रकान्यात लिही, वगैरे. ज्याला बेरीज-वजाबाकी येते आणि सांगितलेलं ऐकता येतं, त्याला हे काम येतं. “डोकं माझं, हात तुमचे,” असं मास्तर म्हणत, आणि वर कुणाला राग येऊ नये अशी अपेक्षाही ठेवत.

आता, हात चुकतात. म्हणून प्रत्येक पत्रक दोनदा व्हायचं, एकदा डाव्या खोलीत, एकदा उजव्या खोलीत, आणि मध्ये व्हरांडा. पत्रकं पातळ कागदावर लिहायची. दोन्ही तयार झाली की मास्तर ती एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावत. उजेडात आकड्यावर आकडा बसला तर पत्रक पास. दोन खोल्यांनी आपसात कामाचं बोलायचं नाही, हा तिथला कडक नियम होता. मोडला तर नोकरी गेली. दोन वेगळी माणसं नेमकी एकच चूक कशी करतील, असा त्यामागचा साधा विचार. त्यात मास्तरांनी आपली अक्कल चालवली आणि एका जोडीत भावजय डावीकडे, नणंद उजवीकडे बसवली.

भावजयीला खोलीत सगळ्या चक्री म्हणत, कारण तिच्याइतका भराभर दांडा कुणाचाच फिरत नसे. नणंदेला ती घरी आणि दारी वन्संच म्हणे. आणि मास्तरांना जे स्वप्नातही सुचलं नसतं ते असं, की या दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं.

कोष्टक कशाचं, हे मात्र दोघींना ठाऊक होतं. घरातच पाणबुड्या असल्यावर कळणारच. खोल पाण्यातून माणूस भसकन वर आला तर सोड्याची बाटली उघडावी तसे रक्तात बुडबुडे होतात. सांधे आखडतात, पाय जातात, कधी माणूसच जातो. म्हणून वर येताना ठरलेल्या टप्प्यांवर ठरलेली मिनिटं दोराला धरून लटकत राहायचं. किती खोल गेलं आणि किती वेळ राहिलं तर कुठल्या टप्प्यावर किती मिनिटं, ते या कोष्टकात. जुनं कोष्टक उथळ पाण्यापुरतं होतं. बंदराच्या तोंडाशी एक गाळ उपसणारी बोट बुडाली होती, ती फार खोलात, म्हणून हे नवं.

“मी पहिला उतरतो,” असं चक्रीच्या नवऱ्याने बंदरात जाऊन स्वतःहून सांगितलं होतं. “कोष्टक घरचं आहे.”

त्या सकाळी त्याने ती ओळ उतरवलेला कागद न बघताच घडी करून खिशात घातला. चक्री म्हणाली, “अहो, एकदा नजर तरी टाका.”

“दोघींचं जुळलंय ना? मग काय बघायचं!” आणि तो शीळ घालत गेला. चक्रीला तेव्हा अभिमान वाटला होता. नंतर कितीतरी दिवस तिला त्या अभिमानाची शिसारी येत राहिली.

शनिवारी साडेनऊला मास्तर दोन्ही खोल्यांना व्हरांड्यात बसवून अर्धा तास गोष्टी सांगत. हिशेबाच्याच गोष्टी, पण सांगण्याची हातोटी अशी की बायका विणकाम खाली ठेवत. एका देशात क्रांती झाली, केसांच्या टोपांची फॅशन गेली, केस सजवणारे बेकार झाले, तर त्यांना बेरीज-वजाबाकीला बसवून केवढी तरी कोष्टकं कशी करून घेतली, हे त्यांनी असं सांगितलं होतं, की जणू तिथे कंगवा धरून तेच उभे होते.

तीन शनिवारांमागे त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या एका विक्षिप्त माणसाची गोष्ट सुरू केली होती. छापील कोष्टकांतल्या चुकांना तो इतका वैतागला, की पितळी चाकांचं एक यंत्रच बनवायला निघाला. ते यंत्र फक्त बेरीज करणार. “वर्गांची यादी घ्या,” मास्तर म्हणाले होते. “एक, चार, नऊ, सोळा. त्यांच्यातले फरक तीन, पाच, सात. आणि फरकांमधला फरक? दोन. नेहमी दोनच! मग गुणाकार हवाय कशाला? दोन मिळवत चला, यादी आपोआप उतरते.” तेवढ्यात घंटा झाली. उरलेलं पुढल्या शनिवारी म्हणाले, आणि पुढले दोन शनिवार खोकल्याने अंथरुणाला खिळले.

चक्रीच्या डोक्यात तो फरक शिरला तो शिरलाच. त्याच दुपारी तिने आपल्या पत्रकातल्या मिनिटांचे फरक काढून पाहिले. फरकांचे फरक काढले. आणि खरंच की, तिसऱ्या पायरीला एकच आकडा ओळीमागून ओळ येत होता! पहिल्या बारा ओळी तिने दोन्ही रीतींनी केल्या. तंतोतंत. मग पुढच्या अठरा ओळी नुसत्या मिळवत गेली. चार दिवसांचं काम एका दुपारी झालं.

तिकडे वन्संचं मनगट दांडा फिरवून सुजलं होतं आणि त्या नवव्या ओळीतच अडकल्या होत्या. मागे पडलेल्यांना मास्तर काढून टाकत. संध्याकाळी कांदा चिरताना चक्रीने त्यांना युक्ती सांगितली. “उत्तरं सांगत नाहीये हं मी,” ती म्हणाली. “रीत सांगतेय. उत्तरं तुमची तुम्हीच काढा.” दोघींना वाटलं, यात नियम कुठे मोडला? वन्संनीही बारा ओळी पडताळल्या आणि पुढच्या मिळवल्या. खिडकीच्या काचेवर दोन्ही पत्रकं अशी बसली, की मास्तर म्हणाले, “इतकं स्वच्छ जुळलेलं मी आजवर पाहिलं नाही.”

तर त्या शनिवारी मास्तरांनी गोष्टीचा उरलेला अर्धा भाग सांगायला घेतला.

“ते पितळी यंत्र काही त्याने पुरं केलं नाही. पैसा संपला, कारागिराशी बिनसलं, सगळं खरं. पण त्याचं मन आधीच दुसऱ्या यंत्रावर गेलं होतं. कारण पहिलं आंधळं होतं, बायांनो! मिळव म्हटलं की मिळवतं. वाटेत काही बदललं तर त्याला पत्ताच नाही. मग त्याने कागदावर नवं यंत्र मांडलं. विणकराच्या मागावर नक्षीसाठी भोकं पाडलेली कार्डं लावतात ना, तसल्या कार्डांवर चालणारं. आणि ते स्वतःच्याच उत्तराकडे वळून बघणार होतं. उत्तर अमक्याच्या वर गेलं तर ह्या वाटेने, नाहीतर त्या वाटेने. सगळी अक्कल त्या ‘तर’मध्ये आहे. तुमच्या पत्रकातला चौथा रकाना म्हणजे दुसरं काय?”

चौथा रकाना.

कृतीच्या कागदावरचं सातवं वाक्य चक्रीच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं: चौथ्या रकान्यातला आकडा चाळीसच्या वर गेला तर पुढच्या ओळीपासून निळ्या कार्डाऐवजी लाल कार्ड घे. पहिल्या बारा ओळींत तो आकडा तिसाच्या आतबाहेर होता. त्यानंतर तिने चौथा रकाना भरलाच नव्हता. मिळवण्याच्या रीतीत त्याची गरजच पडत नव्हती. मास्तरांना ताडून बघायला हवा होता तो शेवटचा रकाना, आणि तो भरलेला होता.

तिने मान वर केली. समोरच्या भिंतीशी वन्सं बसल्या होत्या. त्यांचा हात तोंडावर गेला होता.

चक्री उठली आणि डाव्या खोलीत आपल्या टेबलाशी गेली. टेबलाच्या कडेला दोन कार्डं टाचलेली होती. निळं कार्ड बोटांच्या डागांनी मळून काळपट झालेलं. लाल कार्ड कोरं करकरीत, टाचलं त्या दिवशी होतं तसंच. मग ती धावतच व्हरांडा ओलांडून उजव्या खोलीत शिरली. तीन वर्षांत तिने त्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. वन्संच्या टेबलावरचं लाल कार्डही तसंच होतं. नवंकोरं.

“वहिनी,” मागून वन्संचा आवाज आला. “तेविसावी ओळ.”

“किती वाजले?”

“दहाला पाच कमी. दादा दहाला उतरणार.”

खरं सांगायचं तर चक्रीच्या मनात एक क्षण असाही येऊन गेला, की कदाचित काही होणार नाही. कदाचित फरक एखाद्या मिनिटाचाच असेल. बोललं तर दोघींची नोकरी जाईल, आणि कदाचित उगाचच जाईल. तो क्षण तिने कुणालाही कधी सांगितला नाही. मग तिने तिथल्या तिथे, वन्संच्याच यंत्रावर, एक ओळ लाल कार्डाने करून पाहिली. नुसत्या त्या एका ओळीतच मिनिटं दीडपटीच्या वर गेली होती.

मास्तर व्हरांड्यात एकटेच गोष्टीची टिपणं आवरत होते. दोघी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि चक्रीने सगळं सांगितलं. कांदा चिरण्यापासून.

मास्तरांना पहिलं वाक्य सुचलं ते असं: “तुम्ही दोघी घरी भांडत नाही?”

“नाही हो, मास्तर,” चक्री म्हणाली. चोरी कबूल करावी तशी तिची मान खाली गेली.

मास्तर भिंतीला टेकले. काचेवर आकड्यावर आकडा बसला तेव्हाचा त्यांचा आनंद आता त्यांच्याच तोंडावर उलटा आला होता. पण माणूस वेळेला उभा राहिला. त्यांनी टेलिफोन उचलला आणि बंदराचं ऑफिस मागितलं. पाणबुड्या पाच मिनिटांपूर्वी पाण्यात गेला होता. चाळीस मिनिटं तळाशी, मग टप्पे. बोटीपर्यंत निरोप न्यायचा तर एकच लाँच, आणि तिला जायला अर्धा तास. “पावणेअकराला तरी लाँच सुटली पाहिजे,” मास्तर फोन हातात धरूनच म्हणाले. “आधीच्या टप्प्यांचं एकदोन मिनिटांनी फार बिघडत नाही. सगळी गोम शेवटच्या टप्प्यात आहे. आपण लिहिलंय अठरा मिनिटं.”

“मग लाँच आत्ताच सोडा ना!” वन्सं ओरडल्या. “सांगा, मी सांगेपर्यंत वर येऊ नकोस म्हणावं!”

“आणि मग आकडा पोचवणार कोण? लाँच एकच आहे. आज पाणी बर्फासारखं आहे म्हणतात. तासभर लटकत ठेवला तर गारठून दोर सुटेल. कमी थांबला तरी गेला, जास्त थांबला तरी गेला.” मास्तरांनी घाम पुसला. “किती ते मला हवंय. नेमकं.”

मग त्यांनी दोघींना दोन दारं दाखवली. “तू डावीकडे. यंत्रावर, लांबच्या रीतीने, तेराव्या ओळीपासून, एकही रकाना न गाळता. आणि तू उजवीकडे. तू यंत्राला हात लावायचा नाही. गुणाकाराच्या जागी बेरीज करायची, त्या लॉगच्या पुस्तकावरून कर. दोन घड्याळं एकमेकांवरून लावली तर ती एकमेकांशी जुळतात, वेळेशी नाही. कळलं?” त्यांनी दोन्ही दारं बाहेरून लावून घेतली.

अकरा ओळी होत्या आणि पस्तीस मिनिटं. खोलीतल्या बाकीच्या बायकांनी आपली यंत्रं थांबवली होती. चक्रीच्या एकटीच्या दांड्याचा आवाज येत होता. तिच्या डोळ्यांपुढे आकडे कमी आणि तो जास्त दिसत होता. हिरव्या काळोखात दोराला लोंबकळलेला, खिशात कागद, कागदावर अठरा, आणि त्या अठरावर त्याचा आंधळा विश्वास. चौदावी ओळ. चौथा रकाना, तेहतीस. सोळावी, छत्तीस. या रकान्याकडे तिने या आधी कधी बघितलंच नव्हतं, आणि आता तिथला प्रत्येक आकडा तिच्याकडे बघत असल्यासारखा वाटत होता. अठरावी, एकोणचाळीस आणि काहीतरी. एकोणिसावीत एक्केचाळीस आला आणि तिने झडप घालून लाल कार्ड ओढलं. टाचणी बोटात शिरली. लाल कार्डावर पहिला डाग पडला तो रक्ताचा.

दहा चाळीसला मास्तरांनी दोन्ही कागद काचेला लावले. चक्री आणि वन्सं त्यांच्या मागे उभ्या होत्या, एकमेकींपासून हातभर लांब.

वरचे आकडे बसले. खालचे बसले नाहीत. चक्रीचा शेवटचा आकडा चौतीस होता. वन्संचा एकतीस.

“चौतीसच सांगा!” चक्री म्हणाली. “तीन मिनिटं जास्तच ना, जास्त ते बरं!”

“तुला बरं वाटावं म्हणून आकडा द्यायचा नाही,” मास्तर म्हणाले. “कृती वाच. मोठ्याने. सातवं वाक्य.”

चक्रीने वाचलं. “चौथ्या रकान्यातला आकडा चाळीसच्या वर गेला तर पुढच्या...” ती थांबली. पुढच्या ओळीपासून. तिने एकोणिसाव्या ओळीतच लाल कार्ड घेतलं होतं. एक ओळ आधी. भीतीने.

“पुढच्या ओळीपासून,” वन्सं हलकेच म्हणाल्या. “मी विसाव्या ओळीपासून घेतलं.”

तीन वर्षांत पहिल्यांदा दोघींचं जुळलं नव्हतं, आणि त्यामुळेच चूक सापडली होती. पण तेव्हा हे कुणाच्या मनात आलं नाही. मास्तरांनी चक्रीच्या पाच ओळी तिच्याकडून उभ्या उभ्या पुन्हा करून घेतल्या. एकतीस आले. टेलिफोनमध्ये ते तीनदा म्हणाले, “एकतीस. तीस आणि एक.” घड्याळात दहा सत्तेचाळीस झाले होते. दोन मिनिटं उशीर.

पुढचा सव्वा तास व्हरांड्यातल्या बाकावर गेला. अकरा सतराला लाँच पोचायची, आणि अकरा अठराला, खिशातल्या कागदाप्रमाणे, तो शेवटचा टप्पा सोडून वर निघायचा. एका मिनिटाची फट. तेवढ्यात लाँचने बोट गाठायची, कुणीतरी ओरडायचं, दोर धरणाऱ्याने ते ऐकायचं आणि थांबण्याचे चार हिसके द्यायचे. चक्रीने वन्संचा हात धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा काही जुळून जाईल अशी तिला भीती वाटत होती. अकरा अठरा झाले, वीस झाले, फोन मुका. साडेअकरा. वन्सं पुटपुटत होत्या, देवाचं नाव नव्हे, आकडे. बाराला मास्तर उठून खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले, आणि त्यांची पाठ बघून चक्रीला रडू फुटलं.

बारा पाचला, लाँच बंदरात परतल्यावर, फोन वाजला.

मास्तरांनी ऐकलं, नुसतं हं हं केलं आणि फोन ठेवला. “वर आला,” ते म्हणाले. “चालतोय. थंडीत जास्त लटकवलं म्हणून सगळ्यांना शिव्या देतोय.”

वन्संनी भिंतीला डोकं टेकलं. चक्री नुसतीच बाकावर बसून राहिली.

नोकरी गेली नाही. मास्तर म्हणाले, “चौथ्या रकान्याला घाबरणारी माणसं या इमारतीत आता दोनच आहेत. त्यांना घालवून मी कुणाला आणू?” मात्र त्या दिवसापासून दोन पत्रकं कधीच एका रीतीने झाली नाहीत. एक यंत्रावर, एक लॉगच्या पुस्तकावर. आणि काचेवर सगळं स्वच्छ जुळलं की मास्तरांचा चेहरा पडायचा.

घरी चक्रीने नवऱ्याला सगळं सांगितलं, त्या कोऱ्या लाल कार्डाचंसुद्धा. पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा त्याच बोटीवर उतरायचं होतं. निघताना नवी ओळ उतरवलेला कागद त्याने हातात घेतला, या वेळी उलगडला, आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत सावकाश वाचला. मग त्याने विचारलं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि तिच्या हिशेबाबद्दल त्याने कधीच काही विचारलं नव्हतं.

“हे बरोबर आहे ना गं?”

चक्रीने स्वयंपाकघराकडे बघितलं. वन्सं दारात उभ्या होत्या. कामाचं एकमेकींसमोर बोलायचं नाही, हे आता दोघींनी घरातही ठरवलं होतं.

“जुळलंय,” चक्री म्हणाली. “बरोबर आहे का, ते तुम्ही वर आलात की सांगेन.”

त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि तो गेला. या वेळी शीळ घातली नाही. दोघी घड्याळाकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि मग कामावर निघाल्या. रस्त्याने त्या एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत.